पुरले म्हणजे संपले काय?

‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपण नित्य ऐकतो. कचऱ्याच्या बाबतीत तर आपला नागरी व्यवहार बहुधा याच म्हणीवर चालत आला आहे. घरातला केर दाराबाहेर, दाराबाहेरचा गल्लीच्या टोकाला आणि तेथला गावाबाहेर गेला की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. ही समजूत किती भ्रामक आहे, हे पाहण्यासाठी इंदूरच्या विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. देवगुराड्याची टेकडी व तेथले महादेवाचे मंदिर आपल्या परिचयाचे आहे. त्याच परिसरातील ट्रेंचिंग ग्राउंडवर शहराचा कचरा वर्षानुवर्षे साचून, सुमारे १०० एकरांवर जवळजवळ १३ लाख टनांचे डोंगर उभे राहिले होते. २०१८ मध्ये ते उपसून, चाळून जागा मोकळी करण्यात आली.

हे डोंगर तसेच राहिले असते तर काय बिघडले असते, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर कचऱ्याच्या गुणधर्मांत आहे. इमारत बांधण्यापूर्वी अभियंता जमिनीचे वजन, तिची भार सोसण्याची शक्ती आणि तिच्यात पाणी किती मुरते, हे तपासतो. मातीचे वा मुरमाचे हे गुण बव्हंशी स्थिर असतात. कचऱ्याचे तसे नाही. त्यात एका हातावर चिंधी तर दुसऱ्या हातावर नारळाची करवंटी, आणि त्यातला बराच भाग सतत कुजत असतो. ताजा ढीग पोकळ असतो. वरच्या थरांच्या भाराने तो दबतो, आणि पुढे कुजत गेल्यामुळे वर्षानुवर्षे खचत राहतो. हे खचणेही सर्वत्र सारखे नसते. अशा जागी घर बांधले तर भिंतींना तडे जावयाचेच.

याहून मोठा धोका उताराचा आहे. चिंध्या व प्लास्टिक एकमेकांत गुंतल्यामुळे कचऱ्याचा कडा मातीपेक्षाही उभा राहू शकतो, आणि पाहणाऱ्यास तो भक्कम वाटतो. परंतु मुसळधार पावसाचे पाणी आत साचले की त्या पाण्याच्या दाबाने थर एकमेकांवरून सरकतात. फिलिपाइन्समधील पायातास येथे जुलै २००० मध्ये असाच डोंगर कोसळून २०० हून अधिक माणसे गाडली गेली. पायथ्याशी राहून त्याच कचऱ्यावर पोट भरणारी ती गरीब कुटुंबे होती. दिल्लीजवळ गाझीपूर येथे सप्टेंबर २०१७ मध्ये कडा ढासळून दोघांचे प्राण गेले.

डोळ्यांना न दिसणारे परिणाम तर आणखी दूरवर पोहोचतात. कचऱ्यातून झिरपणारे पाणी काळे व विषारी होते. आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याखालच्या कातळाला सांधी आहेत. तेव्हा उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याचे पाणी भूजलात उतरून आसपासच्या विहिरी नासवू शकते. दडपलेल्या कचऱ्यात हवा शिरत नाही, म्हणून त्यातून मिथेन वायू निघतो. पहिल्या २० वर्षांचा हिशेब केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता रोखून धरतो. तो पेटही घेतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार येथील कचऱ्याला लागलेल्या आगीच्या धुराने ते शहर काही दिवस गुदमरले होते.

आता गंमत अशी, की या दुखण्याचे औषध फार पूर्वी आपल्याच गावी सापडले होते. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा, शेण, गोमूत्र शोषलेली माती व राख यांचे थर रचून, त्यांस ओलावा व हवा मिळेल अशा बेताने ते खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करून दाखविले. १९३१ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. भाजीचे तेच देठ हवा मिळाली तर शेताचे अन्न होतात, आणि काच, चिंध्या व प्लास्टिक यांच्याखाली गाडले गेले तर विष होतात. ज्या गावाने जगास हे शिकविले, त्याच गावाने पुढे कचऱ्याचे डोंगर रचावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

कोणी म्हणतील, शास्त्र आता पुढे गेले आहे. तळाशी चिकणमाती व जाड प्लास्टिकचा थर घालून, पाणी व वायू काढून घेणाऱ्या नळ्या बसवून कचरा सुरक्षितपणे पुरता येतो. हे खरे आहे, आणि कशाच्याही उपयोगी न पडणाऱ्या शेष कचऱ्यासाठी अशी जागा हवीच. परंतु सारेच तेथे ओतणे म्हणजे पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज काढणे होय. त्या जागेची राखण कचरा टाकणे थांबल्यावरही अनेक वर्षे करावी लागते. यंत्राने मागाहून निवडू म्हणावे, तर एकदा कालवलेल्या ओल्या कचऱ्यातून काचेचा बारीक चुरा पूर्णपणे वेगळा होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घरातल्या घरात ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे अभियांत्रिकी काम आहे.

याची साक्ष देवगुराडाच देतो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू व खत करण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला. पण वेगळा केलेला ओला कचरा घराघरांतून आला, तरच तो नीट चालतो. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, शेवटच्या वर्षी सुरतेसह. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु पदक भिंतीवर टांगता येते, सवय तशी टांगून ठेवता येत नाही. ती एका घराने सोडली, मग एका गल्लीने सोडली, की डोंगर पुन्हा वाढू लागलाच म्हणून समजा.

विद्यार्थिमित्रहो, घरातला केर वेगळा करणे हे आईचे, नोकराचे किंवा सफाई कामगाराचे काम आहे, असे मानू नका. न निवडलेल्या कचऱ्यात कोणाला तरी हात घालावा लागतो. फुटलेली काच त्याचाच हात कापते. तो हात आपल्याच बांधवाचा आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.