न्यायमूर्तींचे राजकारण

न्यायाधीश राजकारणात उतरला की आपल्याकडे भुवया उंचावतात. 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद सोडून राजदूत आणि पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या छगलांवरही टीका झाली. पुण्याचे उदाहरण मात्र निराळे आहे. महादेव गोविंद रानडे यांनी न्यायासन न सोडताच राजकारण केले, आणि 'न्यायमूर्ती' हे बिरुद आपण इतक्या आदराने उच्चारतो की ते राजकारण त्याआड झाकले गेले आहे.

1871 मध्ये रानडे सबजज्ज म्हणून पुण्यास आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी निघाली होती. सरकारी नोकराला सभेचा पुढारी म्हणून मिरवणे शक्य नव्हते. तेव्हा सभेचे अर्ज, अहवाल आणि 1878 पासून तिच्या इंग्रजी त्रैमासिकातील निनावी लेख हेच त्यांचे व्यासपीठ झाले. रानड्यांचे गद्य कोरडे, ही तक्रार जुनी आहे. कोरडे ते आहेच! पण ज्याला नाव लपवून लिहायचे आहे त्याला शैलीची ऐट परवडत नाही. आकडे मांडायचे, पुरावा तपासायचा आणि मग निष्कर्ष काढायचा, ही न्यायालयातली रीत त्यांनी राज्यकर्त्यांच्याच कारभाराला लावली.

याची किंमत किती होती, हे कळते ते रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) या पुस्तकातून. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत रानड्यांची बदली धुळ्यास झाली. तिथे त्यांच्या टपालावर पाळत होती. बंडवाल्यांच्या नावाने पत्रे येत आणि रानडे ती सरळ अधिकाऱ्यांच्या हवाली करीत. रमाबाई हे सारे घरातल्या एखाद्या गोष्टीसारखे सांगतात, म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करते.

हाच सावधपणा घरात आणि समाजात मात्र खटकतो. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने 1873 मध्ये अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. पंचहौद मिशनमधल्या चहाबद्दल 1892 मध्ये प्रायश्चित्तही घेतले. त्याचे समर्थन मला करवत नाही. सरकारपुढे न वाकता टिकून राहण्याची त्यांची युक्ती वडिलांपुढे आणि ज्ञातीपुढे निव्वळ माघार ठरली.

रमाबाईंचे पुस्तक आपण बहुधा स्त्री-आत्मचरित्र म्हणून शिकवतो. धुळ्याची पाने एकदा त्रैमासिकातल्या लेखांशेजारी ठेवून वर्गात वाचायला हवीत.