चाबी देण्याआधी



बारावीचा निकाल लागला की आपल्या देवास-धारच्या मराठी घरांत दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे टेकडीवर जाऊन देवीला नारळ, आणि दुसरी म्हणजे मुलाला मोटारसायकल. आमच्या घरीही यंदा तेच झालं. नातू अठराचा झाला, लायसन्स आलं, मुलाने शोरूममधून गाडी आणली, सूनबाईंनी हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. चाबी हातात द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "ती माझ्याकडे दे. महिनाभर माझ्यासोबत शिकायचं, मग मिळेल."

घरात दोन दिवस अबोला. नातू म्हणाला, "आबा, मला येते गाडी. बाबांची स्प्लेंडर मी केव्हाची चालवतोय." (केव्हाची म्हणजे लायसन्सच्या आधीपासून, हे त्याच्या तोंडून तेव्हाच निघालं आणि मग त्याच्या बाबांचीही जरा पंचाईत झाली!) मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही उगाच बँकेसारखं करता."

तर बँकेचंच सांगतो. मी बी.कॉम. झालो आणि १९७३ साली बँकेत लागलो. बरीच वर्षं धार जिल्ह्यातल्या शाखांत काढली, नंतर देवासला. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि त्यानंतर दुचाकीच्या कर्जांची रांग लागली. मी शेकड्याने कर्जं मंजूर केली असतील. पगाराचा दाखला, जामीनदार, मार्जिन मनी, हायपोथिकेशन, विमा, सगळं तपासून. माझ्या फायलीत कधी ऑडिटरला चूक सापडली नाही. पण एक प्रश्न मी कुणालाच विचारला नाही: "तुम्हाला ही गाडी थांबवता येते का?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका खेड्यातल्या तरुण शिक्षकाला मी असंच कर्ज दिलं. आधी तो मोपेड चालवायचा. पहिला हप्ता यायच्या आतच तो गेला. संध्याकाळी रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, गाडी थांबली तर नाहीच, उलट इंजिन मोठ्याने ओरडत होतं. सगळे म्हणाले, पोरगा वेगात होता.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील शाखेत आले. पांढरं धोतर, हातात पासबुक. टेबलावर चाबी ठेवली आणि म्हणाले, "साब, छोरो तो गयो. चाबी जमा कर लो." विम्याचे पैसे आले, खातं बंद झालं, मी फाईलवर सही केली. बँकेच्या हिशेबाने प्रकरण नीट मिटलं.

इंजिन का ओरडत होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मोपेडला दोन्ही ब्रेक हातात असतात. डाव्या हाताचा दांडा दाबला की मागचा ब्रेक लागतो. मोटारसायकलला त्याच जागी क्लच असतो. माणूस घाबरला की मेंदू विचार करत नाही, हात जुनी सवय करतो. त्याने डाव्या हाताने जीव तोडून दांडा दाबला असणार. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो. गाडी मोकळी धावते, आणि उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर पिळलेला राहिला तर इंजिन नुसतं ओरडतं. शंभर टक्के असंच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ज्या दिवशी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा मिनिटं लागली असती हो सांगायला.

आणि मला हे माहीत असायला हवं होतं, कारण तशीच चूक मी स्वतः केली होती. १९८० साली माझ्याकडे जुनी राजदूत होती. एकदा ती बिघडली म्हणून वसुलीच्या दौऱ्याला सहकाऱ्याची बुलेट घेऊन धारहून नालछ्याकडे निघालो. राजदूतचा ब्रेक उजव्या पायात. त्या काळच्या बुलेटला उजव्या पायात गियर आणि डाव्या पायात ब्रेक. निघताना सहकाऱ्याने सांगितलंही होतं, मी "हो हो" म्हटलं. सोयाबीन भरलेली बैलगाडी आडवी आली आणि माझा उजवा पाय सवयीने खाली गेला. गाडी थांबण्याऐवजी वरच्या गियरमध्ये गेली! शेतात शिरलो म्हणून वाचलो. मनगट मोडलं. लोकांना सांगताना मी हा किस्सा पन्नास वेळा हसत सांगितला आहे. त्या शिक्षकाच्या वडिलांना कुठे हसता आलं.

तुम्ही म्हणाल, आता सगळ्या गाड्या सारख्या झाल्या. क्लच डाव्या हातात, पुढचा ब्रेक उजव्या हातात, मागचा ब्रेक उजव्या पायात, गियर डाव्या पायात. बरोबर आहे. पण नातवाला मैदानावर नेलं तेव्हा काय झालं ऐका. स्प्लेंडरमध्ये वरचा गियर टाकायला पायाने पुढचा दांडा खाली दाबतात. नव्या गाडीत पहिला गियर खाली आणि बाकीचे सगळे वर. साहेबांनी दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला म्हणून खाली दाबलं, गाडी धाडकन पहिल्यात! मागचं चाक घासटलं, गाडी डोलली. मैदान मोकळं होतं म्हणून बरं. त्यानंतर "आबा, मला येते" हे वाक्य घरात ऐकू आलं नाही.

आपल्या मुलींचं तर वेगळंच आहे. त्या स्कूटीवर शिकतात. स्कूटीचा डावा दांडा म्हणजे मागचा ब्रेक. मग कधीतरी भावाची मोटारसायकल घेऊन निघतात आणि डाव्या हाताची तीच गोष्ट पुन्हा येते. म्हणून माझं म्हणणं आहे की ज्याला एक गाडी येते त्याला दुसरी येतेच, हे गृहीत धरू नका. गाडी बदलली की शिकवणी पुन्हा पहिल्यापासून.

आता ब्रेकविषयी. आपल्या सगळ्यांना लहानपणी एकच गोष्ट शिकवली, "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील." त्यामुळे माझ्या पिढीतले निम्मे लोक जन्मभर एकाच ब्रेकवर गाडी चालवत आले. वास्तविक ब्रेक लावला की गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं आणि लगेच घसरायला लागतं. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पडतो तो केव्हा? हँडल वळलेलं असताना, रेतीवर, किंवा झटक्याने आवळला तर. गाडी सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकदम, आणि दांडा लिंबू पिळतो तसा हळूहळू जोर वाढवत दाबायचा.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. नातवाला मी तसंच सांगितलं, एका किल्लीने थांबायचा प्रयत्न करू नकोस.

हिशेबही करून दाखवला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर म्हैस दिसली, काय करू म्हणून एक सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे. त्यानंतर चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर, दोन्ही ब्रेक नीट लावले तरी आणखी वीस-पंचवीस मीटर. मैदानावर पावलं मोजून चुना टाकला. पोरगा बघतच राहिला.

सरकारने आपल्या बाजूने बरंच केलं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा कायम चालू असतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस तरी. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. एबीएस म्हणजे जोरात दाबलं तरी चाक जाम होत नाही. तेव्हा दांड्याला थरथर जाणवते, आणि ज्याला हे माहीत नाही तो घाबरून ब्रेक सोडून देतो! शिवाय पुष्कळ गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. यंत्र दिलं, पण ते काय करतं हे घरातल्या कुणी सांगितलं नाही, तर काय उपयोग?

गंमत बघा, आपल्या धार जिल्ह्यातच पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीचा नॅट्रॅक्स आहे. तिथला सव्वाअकरा किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. तिथे इंजिनियर लोक ब्रेक पुन्हापुन्हा लावून तपासतात. आणि आपली पोरं? गल्लीत मित्राच्या मागे बसून, पंधरा मिनिटांत. लायसन्सच्या परीक्षेत मला इंग्रजी आठ काढायला लावला होता. जोरात येऊन थांबून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही.

हेल्मेटवर बोललं की लोक कंटाळतात, तरी बोलतो. १९३५ साली इंग्लंडात लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून गाजलेला माणूस मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या इजेने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी पुढे या इजांचा अभ्यास केला आणि हेल्मेटने जीव वाचतात हे दाखवून दिलं. तिथून आपण कुठे आलो? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९. आपल्याकडे हेल्मेट कोपरात अडकवतात, टाकीवर ठेवतात, नाहीतर डोक्यावर घालून पट्टा मोकळा सोडतात. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना माणसाच्या आधी निघून जातं.

"इथे सयाजी द्वारापर्यंत तर जायचंय" हे मला सांगू नका. अपघाताला लांबचा रस्ता लागत नाही.

आणि मागे बसणारीचं काय? १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारी जाळी सांगितली आहे. तोच आपला साडी गार्ड. आमचा खडखड वाजायचा म्हणून मी काढून टाकला होता. नवरात्रात टेकडीखाली गर्दीतून जाताना हिचा पदर चाकात गेला. वेग नव्हता म्हणून खांद्यावर निभावलं. तो खांदा थंडीत अजून दुखतो आणि ती मला कधी बोलून दाखवत नाही, हे जास्त लागतं. आजकालची मुलं तर "लुक" जातो म्हणून पहिल्याच दिवशी तो काढायला सांगतात. ओढणी आणि पदर आपल्याच घरच्या आहेत ना?

काही जण म्हणतील, रस्ते खराब, ट्रॅक्टरला दिवे नाहीत, त्याचं काय? त्यांचं खरं आहे. तो शिक्षक गेला त्यात दिवा नसलेल्या ट्रॉलीचा दोष होताच. पण खड्डे आणि ट्रॉली माझ्या हातात नाहीत. चाबी माझ्या हातात आहे.

जे अजून अठराचे नाहीत त्यांच्या आईवडिलांनीही ऐकावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपण तिसरी सही न तपासता चेक पास करत नव्हतो, आणि पोराला गाडी देताना मात्र डोळे मिटतो.

नातवाचा महिना परवा संपला. रोज सकाळी सहाला मैदान, मग घरी येऊन पोहे. शेवटच्या दिवशी मी चुन्याच्या रेषेशी उभा राहिलो. तो चाळिसाने आला, दोन्ही ब्रेक लावले आणि रेषेच्या अलीकडे, एक पाय टेकून थांबला. डाव्या हाताने क्लच अगदी शेवटी दाबला. मी काही बोललो नाही, चाबी दिली.

त्या वडिलांनी टेबलावर ठेवलेली चाबी मला अजून दिसते. तुमच्या घरात यंदा गाडी आली असेल तर एवढंच करा. हार घाला, लिंबू ठेवा, पेढे वाटा. पण चाबी देण्याआधी पोराला मैदानावर न्या आणि म्हणा, "आता थांबून दाखव."