बॅकअप आहे, पण परत येतो का?

मुलगा बँकेत लागला म्हटलं की आजीला सगळं समजतं. 'डीबीए झालोय' म्हटलं की मात्र आपल्याकडे मराठी घरातूनही 'गोत्तिल्ल' असंच उत्तर येतं! डीबीए म्हणजे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. बँकेची खाती, दवाखान्यातल्या नोंदी, दुकानाचा स्टॉक ही माहिती संगणकात एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवतात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली, आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी मोठमोठे कारभार तिच्यावरच चालतात.

हे तक्ते सांभाळणारा तो डीबीए. कुणाला काय बघू द्यायचं, काम कुठं रेंगाळतंय, हे सगळं तोच बघतो. पण त्याचा खरा कस लागतो तो माहिती गेल्यावर.

प्रोग्रॅमर मंडळींचं काम साठवून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीची गोष्ट घ्या. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनिअर जोडीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायला गेला, आणि आज्ञा दिली मुख्य सर्व्हरवर. क्षणात ध्यानात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबी गेलं होतं. बॅकअप रोज होतोय असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात बॅकअपचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्याच जुळत नव्हत्या. बॅकअप रोज फसत होता आणि फसल्याचे ईमेलही कुणाला पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. तरी त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्याच, आणि सेवा सुरू व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. कंपनीनं यातलं काही लपवलं नाही, सगळं जाहीर केलं. मला हे फार मोठं वाटतं.

आता क्लाउडवर बॅकअप आपोआप होतात. पण ते परत आणून बघायचं काम माणसालाच ठरवावं लागतं. आणि हे काम घरी शिकता येतं, हजारोंची फी भरून नव्हे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही फुकट मिळतात, साधा संगणक पुरतो.

नातेवाइकांचा एक तक्ता करा: मराठीत नाव, कन्नडमध्ये नाव, गाव. नावावरून माणूस ओळखायला जाऊ नका. आपला मामा मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनावासकट असतो आणि कन्नड कागदावर नुसत्या इनिशियलनं! म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या, तीच प्रायमरी की. मग बॅकअप काढा, तक्ता मुद्दाम पुसून टाका आणि घड्याळ लावून परत आणा.

आता परत आलेली नावं वाचा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेट चुकलाय. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरी आणि कन्नडमधल्या प्रत्येक चिन्हाला तीन, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा. 'कुलकर्णी' इंग्रजीत ८ बाइटांत बसतात, मराठीत त्यांना २४ लागतात. रकाना वीस बाइटांचा ठेवला तर कुलकर्णी दारातच अडकले! पुण्या-बंगळूरच्या हुशार मुलांनाही हे कित्येकदा ठाऊक नसतं. दोन लिप्यांत वाढलेल्या आपल्या मुलांच्या ते चटकन लक्षात येईल.

आईवडिलांनाही एक सांगायचंय. या नोकरीत रात्री दोनला फोन येतो. त्या वेळी 'कसली ही नोकरी' म्हणू नका, चहा ठेवा.

आणि मुलांनो, हा सराव दर महिन्याला करा. तारीख, किती वेळ लागला, कुठं अडलं, हे वहीत लिहा. मुलाखतीला जाताना सर्टिफिकेटांच्या फायलीत ती वहीही असू द्या.