उन्हाळ्यातील मेळावा आणि खाण्याची आरास

हल्ली समारंभांत एक नवी पद्धत रूढ होत आहे. लांबलचक टेबल मांडायचे, त्यावर गोड, तिखट, फळे असे सगळे एकदम सजवून ठेवायचे आणि पाहुण्यांनी हिंडत-फिरत हवे ते घ्यायचे. कल्पना छान आहे. रांग लागत नाही, गप्पा थांबत नाहीत. म्हणूनच गेल्या वर्षी शाळेच्या उन्हाळी मेळाव्यात आम्ही पालकांनी हौसेने असे टेबल मांडले.

ती हौस अंगाशी आली, हे कबूल करायला हवे. बडोद्याचा मे महिना, वर पत्र्याची शेड. पाच वाजता मांडलेले क्रीमचे केक, मेयोनेजची सँडविचेस आणि दहीवडे आठपर्यंत तसेच उघड्यावर होते. त्या रात्री काही मुलांना उलट्या झाल्या. दोन दिवसांत सगळी बरी झाली, पण आमच्या मनाला लागले ते लागलेच. दोष आचाऱ्याचा नव्हता. टेबल भरगच्च दिसले म्हणजे पाहुणचार झाला, ही आमची समजूत चुकीची होती.

शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पारा चाळिशीच्या पुढे असताना तर एक तासही पुष्कळ झाला.

खरे म्हणजे अशी आरास आपल्याला नवी नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू आपल्या घरोघर होते. गौरीपुढे पायऱ्या, त्यावर फराळाचे जिन्नस, कमळासारखे कापलेले कलिंगड. येणाऱ्यांना आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. सगळे ऋतूला साजेसे. मात्र जुने म्हणून निर्धोक, असे मानू नये. भिजवून वाटलेली डाळ उन्हाळ्यात फार लवकर आंबते. आपल्या आज्या ती आयत्या वेळी कालवत, थोडी थोडी वाढत. ते शहाणपण आपण विसरलो.

म्हणून यंदा दोनशे माणसांसाठी आमची सूचना अशी. टेबलावर कायम राहतील ते कोरडे पदार्थ : चिरोटे, शंकरपाळे, चकली, भाजलेले शेंगदाणे आणि इथल्या मातीतला खाखरा. पाच किलो हरभऱ्याची डाळ भिजवावी, पण वाटून फ्रिजमध्ये ठेवावी आणि कैरी, फोडणी घालून दर अर्ध्या तासाला थोडी बाहेर आणावी. पन्ह्याचा गर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवावा. चाळीस लिटर पन्हे लागेल, ते उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे थोडे कालवून माठात भरावे. बाजारातला लादीचा बर्फ पेयात मुळीच घालू नये. माठाला ओले फडके गुंडाळले की काम भागते. पन्नास किलो कलिंगड आणि शक्करटेटी आधी धुवावी व लागेल तशी कापावी. दुधाचे, क्रीमचे काही नको.

काही पालक म्हणतील, मुलांना हे आवडणार नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. जे मुले स्वतः मांडतात ते ती आवडीने खातात. आठवी-नववीच्या मुलामुलींनी कलिंगडाची कमळे करावीत, पन्हे कालवावे. आणि दर अर्ध्या तासाची ने-आण केवळ आयांवर न टाकता वडील मंडळींनी पाळ्या लावून घ्यावी. नाहीतर पाहुणे हिंडणार आणि बायका मात्र स्वयंपाकघरात, असेच पुन्हा होईल.

टेबल थोडे रिकामे दिसले तरी चालेल. ते पुन्हा पुन्हा ताजे भरले जाते आहे, हे पाहुण्यांना दिसले की झाले. पटत असेल तर पालकांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत, ही विनंती.