उपयोक्त्याचा वाटा

रुग्णपत्रिकेवर 'पथ्य पाळत नाही' असा शेरा मारून पुढच्या रुग्णाला आत बोलावणे आपणां वैद्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्या तीन शब्दांनी एका मनुष्याच्या माथी आपण केवढा कसूर मारतो, याचा विचार करण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. गेल्या महिन्यात प्रमेहाचा एक रुग्ण, व्यवसायाने रिक्षाचालक, समोर बसला असता आमच्या हातूनही तोच शेरा लिहिला गेला, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सकाळी सहाला रिक्षा काढतो, तेव्हा घरात कोणी उठलेलं नसतं. स्टँडवर वडापावशिवाय दुसरं काय मिळतं?"

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिला अध्याय त्या रात्री पुन्हा उघडला. आहाराचे हिताहित ज्यांवर अवलंबून असते ती आठ आयतने तेथे सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. खाणारा स्वतः आठवा. सवयीने अंगी मुरणारे ओकसात्म्य त्याच्या अधीन आहे खरे. परंतु करण, म्हणजे अन्नावरील संस्कार, कोणाच्या अधीन? तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते तेल वापरू नये, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक २०१८ पासून अमलात आहे; पण काळपट, फेसाळत्या कढईपुढे पैसे मुठीत धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकापाशी ते प्रमाण मोजण्याचे साधन कोठून असणार? तो दंडक अमलात आणण्याची जबाबदारी सरकारदरबारची आहे, आणि ती रुग्णाच्या खाती टाकणे हा उघड अन्याय होय.

उपयोक्त्याला सरसकट माफी द्यावी, असे मात्र आमचे मुळीच म्हणणे नाही. दोन वडे खावेत की एक, ही राशी त्याचीच; सोबतच्या चहात साखर किती, हेही त्यानेच ठरवायचे, आणि हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगण्यास वैद्याने कचरू नये. मात्र त्याआधी देश आणि काल विचारावा: सकाळी कोठे असता, भूक कधी लागते, डबा कोण करते?

आम्ही हे विचारले, तेव्हा तोच जरा थांबून म्हणाला, "रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या जास्त टाकायला सांगतो." शिळ्या अन्नाविषयी शास्त्राचे मत आम्ही जाणतो, तरीही त्या कढईपेक्षा रात्रीची भाकरी आम्हांला निःसंशय श्रेयस्कर वाटली. जुना शेरा खोडून तेथे लिहिले: 'सकाळी सहा, रिक्षा स्टँड, भाकरी व लसणाची चटणी.'