कमावलेले शरीर आणि घटवलेले वजन

मराठीत 'शरीर कमावणे' असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. पैसा कमावतात, नाव कमावतात, गवई आवाज कमावतो, कातडेही कमावले जाते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: जे कच्चे आहे त्याला सबुरीच्या श्रमाने मोल आणायचे. हा वाक्प्रचार आमच्या डोळ्यांदेखत मध्यमवर्गीय बोलण्यातून नाहीसा झाला आणि त्याची जागा 'वजन कमी करणे' या शब्दांनी घेतली. पहिली भाषा मिळवण्याची, दुसरी घालवण्याची. आमच्या मते हा केवळ शब्दांचा बदल नाही. ही विचारातली चूक आहे आणि तिची किंमत आपल्या घरातली माणसे मोजत आहेत.

वजनाचा आकडा किती मुका असतो ते पाहू. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो वजनी गटात. ५७ किलोचे कारकून, प्राध्यापक आणि समीक्षक आपल्याकडे हजारोंनी सापडतील. काटा त्यांच्यात आणि खाशाबांत काहीही भेद करत नाही.

दुसरे उदाहरण शास्त्रातले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा 'बॉडी मास इंडेक्स' दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःच्याच देहाचा दाखला द्यावा, हा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालके मोजली, तेव्हा त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी तोकडी होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखली होती. म्हणजे दिसायला लुकडे आणि आतून चरबीयुक्त, हे आपल्या मातीतले वास्तव जन्मापासूनचे आहे. अशा माणसाने नुसते वजन घटवणे म्हणजे आधीच तुटपुंज्या असलेल्या भांडवलातून खर्च भागवणे होय.

हा खर्च आम्ही स्वतः करून बसलो आहोत. काही वर्षांपूर्वी आम्ही रात्रीचे जेवण सोडले, सकाळी झपाझप चालू लागलो आणि पाच महिन्यांत नऊ किलो उतरवले. आप्तेष्टांनी कौतुक केले. आम्ही ते मिटक्या मारीत ऐकले. पुढे गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबर धरली आणि जिना चढताना मांड्या थरथरू लागल्या, तेव्हा उमगले की त्या नऊ किलोंत सगळी चरबी नव्हती. पोटाचा घेर बराचसा होता तिथेच होता. गेले होते ते दंड आणि मांड्या. उपाशी शरीर जे वापरात नाही ते आधी मोडीत काढते, आणि आमचे स्नायू कैक वर्षे वापरात नव्हते.

वास्तविक यातले तत्त्व साधे आहे. चरबी उतरायची तर खर्चापेक्षा थोडे कमी खावे लागते. फार कमी नव्हे. स्नायू राखायचे वा वाढवायचे तर त्यांच्यावर क्रमाक्रमाने वाढता भार टाकावा लागतो, पुरेशी प्रथिने द्यावी लागतात आणि झोप घ्यावी लागते. नवशिक्याला दोन्ही एकाच वेळी साधतात. मात्र अशा वेळी काटा हलत नाही आणि माणूस निराश होतो. म्हणून काट्यापेक्षा कमरेला लावलेली मोजपट्टी अधिक खरे बोलते. पोटाचे व्यायाम करून पोटच तेवढे उतरवता येते, ही समजूतही सोडावी. चरबी कुठून आधी जावी हे शरीर आपल्याला विचारत नाही.

आणि आता ताटाविषयी. २०२० सालच्या भारतीय शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. स्नायू कमावू पाहणाऱ्याला याहून बरीच अधिक. आपल्या ताटात भात, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वाटीभर वरण. तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात खरी, पण वाटीतल्या वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे कोणी मोजत नाही. उपवासाच्या दिवशी तर शेंगदाण्याचे कूट तेवढे प्रथिनांचे. साबुदाण्यात ती जवळजवळ नसतातच. घट्ट वरण, उसळ, दही, फुटाणे, सोयाबीन, चालत असल्यास अंडी आणि मासे एवढ्याने बरेच भागते. पावडरीचे महागडे डबे ही सोय आहे, साधना नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ताट बदलावे.

हे सारे जुन्या तालमीला ठाऊक होते काय? अर्धे होते. बैठकांची संख्या वाढवत नेणे, हलक्या जोडीवरून जड जोडीवर जाणे, हा वाढत्या भाराचाच नियम होय. पण तालमीचे गोडवे गाताना आम्ही जपून बोलू. दूध, तूप, बदामाचा तो खुराक हजार बैठका मारणाऱ्याला पचे. कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला, की तेच शरीर सुटत असे. शिवाय तालमीच्या दारातून बायका आत जात नसत. आणि आजच्या व्यायामशाळेत मातीच्या जागी आरसा आला आहे. आरशासाठी कमावलेले शरीर आरशापुरतेच उरते. त्यापायी कोवळी पोरे स्टिरॉइडची इंजेक्शने टोचून घेतात, ही शरीराची कमाई नव्हे, कर्ज आहे.

आम्हांस खरी काळजी वाटते ती ज्यांना व्यायामशाळेचे आमंत्रण कधी गेलेच नाही त्यांची. आमच्या आईचे वय चौऱ्याहत्तर. 'या वयातही किती सडपातळ!' असे सगळे म्हणत आणि आम्हीही त्यात सुख मानत होतो. एका सणाला ती पाटावरून उठू शकली नाही. 'अरे, जरा हात दे,' ती म्हणाली आणि ओशाळून हसली. उभे आयुष्य सर्वांना वाढून मग उरलेले खाणाऱ्या त्या देहात काय शिल्लक आहे, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

१९९० साली बॉस्टनमध्ये एका वृद्धनिवासातील नव्वदीच्या घरातल्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत जे जमते ते चौऱ्याहत्तरीत का जमू नये? फिजिओथेरपिस्टांच्या देखरेखीखाली आई खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करू लागली. आधी पाच वेळा, मग दहा, मग हातात पाण्याची बाटली घेऊन. ताटात रोज एक वाटी घट्ट उसळ आली आणि ती सर्वांबरोबर जेवू लागली. चार महिन्यांत तिचे वजन दीड किलोने वाढले. काट्यावर पाहून ती घाबरली. आम्ही तिला सांगितले, 'आई, हे वाढलेले नाही, कमावलेले आहे.'

यंदाच्या गणपतीत ती पाटावरून एकटी उठली.