रणगाडा चौथऱ्यावर, इतिहास भंगारात

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते, भाषणे होतात. २०२३ मध्ये अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने राज्य मंत्रिमंडळाची बैठकही छत्रपती संभाजीनगरला झाली. या साऱ्या सोहळ्यांत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. हैदराबाद संस्थानात शिरलेले भारतीय सैन्य कोणत्या गाड्यांतून आले, आणि त्या गाड्यांचे पुढे काय झाले? प्रश्न वरकरणी हौशी मंडळींचा वाटेल. वस्तुतः इतिहासाचा ऐवज म्हणून आपण काय जपतो आणि काय भंगारात टाकतो, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

जुन्या लष्करी वाहनांची दुरुस्ती करून त्यांना मूळ रूप देणे, त्यांचा पूर्वेतिहास शोधणे आणि त्यांच्या मोजमापाच्या प्रतिकृती घडवणे, ही युरोप-अमेरिकेत अभ्यासाची एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. आपल्याकडे तिच्याकडे श्रीमंतांचा छंद किंवा मुलांचा खेळ म्हणून पाहिले जाते. या दृष्टिकोनाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहायचे तर धाराशिव जिल्ह्याइतके समर्पक उदाहरण नाही.

सोलापूरच्या वेशीवरून

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सैन्याने सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने कूच केले आणि संस्थानात पहिला मोठा सामना झाला तो नळदुर्गला. बोरी नदीवरील पूल उडवून देऊन ही आगेकूच रोखण्याचा निजामी फौजेचा बेत होता. सातव्या ब्रिगेडने वेग आणि अनपेक्षितपणा यांच्या बळावर पूल शाबूत ताब्यात घेतला. ज्याच्यावर पूल उडवण्याची कामगिरी सोपवली होती, तो ब्रिटिश भाडोत्री अधिकारीही हाती लागला. रस्ता मोकळा होताच चिलखती तुकडी सकाळी नऊच्या सुमारास जळकोटला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला पोहोचली. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापुरात शिरली. तिच्यात ‘थर्ड कॅव्हलरी’ या रेजिमेंटचे एक पथक होते. तेथे दोन तास झुंज झाली. पुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र पुराच्या पाण्याने अडवली. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेला हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती पत्करली.

म्हणजे या मोहिमेतल्या पहिल्या दिवसाची महत्त्वाची ठाणी आजच्या एकाच जिल्ह्यात आहेत. नळदुर्गचा किल्ला उभा आहे, बोरी वाहते आहे, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून दिवसरात्र मालमोटारी धावत आहेत. ज्या यंत्रांनी हा पाच दिवसांचा वेग शक्य केला, ती यंत्रे मात्र लोकांच्या स्मरणातून पुसली गेली. किल्ला दगडाचा म्हणून तो वारसा ठरतो. लोखंड जुने झाले की ते भंगार ठरते.

एक नाव, एक क्रमांक

वारसा आणि भंगार यांच्यातली सीमारेषा नेमकी कोठे असते, हे शेजारच्या अहिल्यानगरला गेल्यावर उमगते. तेथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय सुरू केले. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता आणि पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंत सुमारे पन्नास वाहने तेथे आहेत. त्याच केंद्राने ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडाही जपला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. पुण्यात जन्मलेल्या या अधिकाऱ्याचे वय तेव्हा अवघे २१ होते.

सेंच्युरियन हजारोंच्या संख्येने बनले. त्यांतला एक ‘फामागुस्ता’ ठरतो तो नावामुळे, अंगावरच्या क्रमांकामुळे आणि त्या दोन्हींची नोंद कागदावर शाबूत राहिल्यामुळे. ही नोंद हरवली असती तर तोही अनेक सेंच्युरियनांपैकी एक झाला असता आणि कदाचित वितळला असता. या क्षेत्रात संशोधन म्हणतात ते याला. इंजिन चालू करणे हा नंतरचा भाग.

संशोधनाची साधनेही थोडीथोडकी नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचेच पाहा. विलिस आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी मिळून तशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. दिसायला त्या सारख्याच. पण फोर्डने आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ‘एफ’ हे अक्षर ठोकले आणि चासीच्या पुढच्या आडव्या तुळईचा आकार दोघांचा निराळा होता. भारतीय लष्करी वाहनाच्या पाटीवर बाणाच्या खुणेपाठोपाठ येणारे दोन अंक ते वाहन कोणत्या साली घेतले, हे सांगतात. रंगाचे थर खरवडले तर खालून जुन्या तुकडीचे चिन्ह निघते. म्हणूनच जाणकार रंग सरसकट घासून काढत नाहीत. एका लहानशा चौकोनात एकेक थर उलगडत जातात.

आपल्याकडे घडते ते नेमके उलट. निवृत्त रणगाडा एखाद्या शहराला किंवा संस्थेला मिळाला की चौथरा बांधला जातो, उद्घाटन होते आणि मग दर राष्ट्रीय सणाच्या आधी त्याच्यावर चकचकीत हिरव्या तैलरंगाचा नवा हात फिरतो. शेंदराच्या पुटांखाली मूर्तीचे नाकडोळे हरवावेत, तसे क्रमांक आणि चिन्हे त्या रंगाखाली हरवतात. आत पावसाचे पाणी साचते, तळ गंजतो, रबर कुजते. झाकणे नीट बंद करणे, तळाची भोके मोकळी ठेवणे, चाकांवरचा भार ठोकळ्यांवर घेणे ही कामे खर्चिक नाहीत; पण ती कोणाची, हे कोठेच लिहिलेले नसते. चौथऱ्यावरच्या पाटीवर उद्घाटकाचे नाव असते. रणगाडा कोणत्या लढाईत होता, हे बहुधा नसते.

कायद्याच्या फटीत अडकलेले लोखंड

हा केवळ उदासीनतेचा प्रश्न नाही. नियमांचीही गफलत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ७५ वर्षे पुरतात. त्यामुळे १९४८ सालचा एखादा लष्करी आदेश आता या वयाच्या अटीत बसतो. पण तो आदेश पाळत निघालेल्या, १९४३ साली बनलेल्या रणगाड्याला २०४३ पर्यंत थांबावे लागेल. तोवर तो टिकेल का, हा प्रश्न कायदा विचारत नाही.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत सुधारणा केली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी वाहनांना स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन अशा कारणांसाठी ही वाहने रस्त्यावर आणता येतात. जीप बाळगणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, हे मान्यच करायला हवे. पण चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आपल्याकडच्या लष्करी गाड्यांना जाचक आहे. महायुद्धानंतर ‘डिस्पोजल’च्या लिलावात निघालेल्या गाड्यांचे आयुष्य इथल्या फिटर-वेल्डरांनी जे मिळेल ते बसवून वाढवले. विलिसच्या सांगाड्यात महिंद्रचे भाग गेले, पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन आले. तो फेरफार आज त्या गाडीच्या, पर्यायाने आपल्या ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या, इतिहासाचाच भाग आहे. तो पुसायचा की ठेवायचा, हा पुनरुज्जीवनातला खरा वैचारिक पेच आहे. आणि पट्ट्यांवर चालणारा रणगाडा तर दुचाकीतही येत नाही, चारचाकीतही नाही.

कायद्याचा आधार नसेल तर लोकभावना किती काळ तारते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि अखेर २०१४ मध्ये लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकली जाऊन तोडली गेली. जपण्याची इच्छा सर्वांनाच होती. जबाबदारी कोणाचीच नव्हती. याउलट इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने १९४३ साली ट्युनिशियात हस्तगत केलेला जर्मन ‘टायगर १३१’ चालत्या अवस्थेत आणला. त्यामागे वर्षानुवर्षांचे कागदोपत्री संशोधन आणि ठरलेली संस्थात्मक जबाबदारी होती.

प्रतिकृती हा पोरखेळ नव्हे

खरा रणगाडा आणून चालता करणे धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे उघडच आहे. येथेच प्रतिकृतीचे महत्त्व ध्यानात येते. जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण रूढ आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘पँथर’ रणगाड्याचा संच काढला तेव्हा आतील मोटार आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हे प्रमाण साधले गेले आणि तेच पुढे जगाचे माप बनले. हौसेने सुरू झालेली ही गोष्ट आज इतकी काटेकोर झाली आहे की, चांगली प्रतिकृती घडवणाऱ्याला इतिहासकाराचेच प्रश्न पडतात.

त्या काळी भारतीय चिलखती दलाचा प्रमुख मध्यम रणगाडा होता अमेरिकी बनावटीचा शर्मन. त्याच्या सुमारे ४९ हजार नगांत कितीतरी उपप्रकार होते. एकाचा सांगाडा ओतीव आणि गोलसर, दुसऱ्याचा पत्रे जोडून केलेला. ‘एम ४ ए ४’ या प्रकारात मोटारीची पाच इंजिने एकत्र जोडून तीस सिलिंडरांचे एक धूड बनवले होते. ते मावावे म्हणून सांगाडा लांबवावा लागला आणि चाकांच्या जोड्यांमधले अंतर वाढले. छायाचित्रातले ते अंतर पाहूनही जाणकार प्रकार ओळखतो. आता कोणी नळदुर्गच्या पुलावरून जाणाऱ्या तुकडीचा देखावा करायचा म्हटले, तर पहिल्याच दिवशी प्रश्न उभे राहतील. रेजिमेंट कोणती? रणगाड्याचा प्रकार कोणता? अंगावर चिन्ह कोणते? मागे दारूगोळ्याची मालमोटार कोणत्या बनावटीची?

या प्रश्नांची वाट एस. एन. प्रसाद यांनी लिहिलेल्या आणि संरक्षण मंत्रालयाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑपरेशन पोलो’च्या अधिकृत इतिहासातून युद्धदैनंदिन्यांकडे जाते. लष्करी कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये स्वीकारले. ते कागद वाचायला जिल्ह्यातून कोणी जाईल का, एवढाच प्रश्न उरतो.

हे वाचन केवळ गौरवापुरते राहणार नाही, हेही सांगितले पाहिजे. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण जिल्ह्यात आजही ठसठसते. त्याचबरोबर पोलीस कारवाईनंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली होती. तो अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. चौथऱ्यावरचा रंगवलेला रणगाडा फक्त विजय सांगतो. तारीख, वार, तुकडी आणि रस्ता यांसह अभ्यासलेले वाहन, त्याच्या आधी काय झाले आणि ते निघून गेल्यावर काय झाले, हेही विचारायला लावते. म्हणूनच अचूकता हा येथे हौसेचा नव्हे, तर न्यायाचा प्रश्न आहे.

तेरचा धडा

असे काही धाराशिवला जमेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी तेरकडे पाहावे. सातवाहनकालीन तगर नगरीचे अवशेष सांभाळणारे तेथील शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव मिरवते. शेतात, पांढरीच्या मातीत सापडणारी खापरे, मणी आणि मृण्मूर्ती लोकांच्या लेखी निरुपयोगी होत्या, तेव्हा या गृहस्थाने त्या गोळा केल्या. एका व्यक्तीचा छंद पुढे राज्याचा ठेवा झाला.

तोच मार्ग येथेही खुला आहे. धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नळदुर्ग, जळकोट, तुळजापूर, उमरगा या वाटेवरच्या गावांतल्या आठवणी नोंदवाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या मुलांनी त्या नोंदींवरून मोजमापाच्या प्रतिकृती घडवाव्यात. फिटर आणि टर्नर होऊ पाहणाऱ्यांना याहून चांगला सराव कोणता? अहिल्यानगरच्या केंद्राने तांत्रिक मार्गदर्शन करावे. आणि राज्य शासनाने निवृत्त लष्करी वाहने देताना-घेताना क्रमांकाची नोंद, देखभालीची जबाबदारी आणि माहितीफलक या तीन अटी संबंधित संस्थांवर बंधनकारक व्हाव्यात, यासाठी संरक्षण मंत्रालयाकडे आग्रह धरावा. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, निर्णयाची गरज आहे.

१९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. लोखंड गंजायला काही दशके लागतात. माणसाची आठवण तेवढीही थांबत नाही. पुढच्या १७ सप्टेंबरची भाषणे लिहिण्याआधी उमरग्याच्या रस्त्याकडेच्या एखाद्या ओसरीवर जाऊन त्या दुपारची हकीकत टिपून घेतली, तर जिल्ह्याच्या इतिहासात भाषणांपेक्षा अधिक मोलाची भर पडेल.